इंग्रजीचा पेपर सुटला, पण मुलाखतीत बोबडी वळते

“मॅडम, विद्यापीठात इंग्रजी विषय होता, पासही झाले. पण मुलाखतीत ‘तुमच्या प्रकल्पाबद्दल सांगा’ म्हटलं की बोबडी वळते. मला कोण नोकरी देणार?”

रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण हेच गाऱ्हाणं घेऊन बरेचजण येतात. आपण भाषेतच ढ आहोत, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

मी तिची प्रयोगवही मागितली. इंग्रजी चांगलं स्वच्छ होतं, काळही चुकलेले नव्हते. मग अभ्यासक्रमात काय होतं ते विचारलं. सारांशलेखन, गाळलेल्या जागा, निबंध. तोंडी परीक्षा नाहीच. एका वर्गात शंभर मुलं असतील तर शिक्षक तरी कुणाकुणाला बोलतं करणार? पण जे कधी करूनच घेतलं नाही, ते मुलाखतीत आपोआप कसं येईल?

युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीत भाषेच्या सर्वांत खालच्या ए१ पासून सर्वांत वरच्या सी२ पर्यंत सहा पातळ्या आहेत. त्यात वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं यांची पातळी वेगवेगळी मोजता येते. वाचनात बी२ आणि बोलण्यात ए२ असणं यात नवल काहीच नाही. तिला हे दाखवल्यावर म्हणाली, “म्हणजे मी सगळ्यातच कच्ची नाही?”

मग ४-३-२ नावाचा सराव सुरू केला. एकच विषय आधी चार मिनिटं, मग नव्या श्रोत्याला तीन मिनिटांत, मग आणखी एकाला दोन मिनिटांत सांगायचा. विषय अर्थातच तिचा प्रकल्प. पहिल्या फेरीत “वुई हॅव टेक द सॅम्पल” हे वाक्य तीनदा म्हणून ती गप्प झाली. मी मध्ये दुरुस्त केलं नाही. बोलताना टोकलं की माणूस व्याकरण सांभाळत बसतो आणि सांगायचं ते राहून जातं. तिसऱ्या फेरीत ‘टेक’ तसंच राहिलं, पण नमुना, चाचणी, निष्कर्ष सगळं ओघाने आलं.

जोडीला नोकरीच्या जाहिराती वाचायला लावल्या. तिला हव्या असलेल्या कामात अहवाल लिहायचे होते आणि यंत्र बिघडलं तर वरिष्ठांना फोनवर सांगायचं होतं. तेवढ्याच प्रसंगांचा सराव केला. उच्चार अस्सल इंग्रजी वाटावेत हा तिचा हट्ट मी सरळ सोडायला लावला. विद्यापीठांनीही विषयाला धरून असंच इंग्रजी शिकवावं, असं मला वाटतं.

पुढची मुलाखत देऊन ती पडलेल्या चेहऱ्याने आली. “परत इंग्रजीनेच घात केला.” विचारलेले प्रश्न कागदावर लिहायला सांगितले. अडली होती ती दोनच ठिकाणी, आणि दोन्ही प्रश्न उपकरणाच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे ते अचूक मोजतं का हे तपासून जुळवण्याचे होते. “हे मराठीत आलं असतं?” तिने मान हलवली. नाही. इंग्रजीचा सराव आठवडाभर बंद ठेवला आणि तिला प्रयोगशाळेतल्या सरांकडे पाठवलं.