चाळिशीनंतर, नोकरी सांभाळत, बेळगावात राहून मराठीतून ऑनलाइन पदवी घेता येईल का?

हो, नक्की घ्या. सीमाभागातल्या आपल्या माणसांसाठी तर ही मोठीच सोय आहे. दूरस्थ शिक्षणात राज्य विद्यापीठाला राज्याबाहेर अभ्यासकेंद्र काढता येत नाही, त्यामुळे खानापूर-निपाणीकरांना महाराष्ट्रातलं केंद्र गाठावं लागतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांत ऑनलाइन पदवीला ही हद्द नाही, आणि ती नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते.

पण ऑनलाइन म्हणजे मराठी माध्यम असेलच असं नाही, हे आधी विचारा. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, नाशिकचं मुक्त विद्यापीठ इथे चौकशी सुरू करा. नेमका तोच अभ्यासक्रम यंदा यूजीसीच्या मान्यता यादीत हवा. आणि डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा (डीईबी) प्रवेशासाठीचा ओळख क्रमांक, स्वतःच काढा, एजंटाच्या हाती कागदपत्रं देऊ नका.