वाचकांचे प्रश्न : गोडवा कुठे ठेवलेला असतो?

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकते. ‘जे पाहता, ऐकता, हुंगता, चाखता किंवा हाताने चाचपता येत नाही, त्याचे नाव म्हणजे ॲब्स्ट्रॅक्ट नाउन’ अशी व्याख्या तिला पाठ आहे. तरीही परवाच्या चाचणीत तिने ‘एअर’ हा शब्द ॲब्स्ट्रॅक्ट ठरवला आणि ‘अँगर’ वगळला. कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘हवा दिसत नाही, पण बाबांचा राग मला दिसतो आणि ऐकूही येतो.’ शिवाय ‘हॅपी’ हा शब्दही तिने त्याच रकान्यात लिहिला. तिला कसे समजवावे? – एक पालक, कोथरूड

उत्तर : सर्वप्रथम आपल्या मुलीला शाबासकी द्यावी, कारण तिने व्याख्या जशी शिकवली तशीच प्रामाणिकपणे लावून पाहिली आहे. खोट तिच्या विचारात नसून व्याख्येत आहे. पाच इंद्रियांची ही कसोटी सांगायला सोपी असल्यामुळे बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. परंतु विचार करणारे मूल तिला पहिल्या पाच मिनिटांत अडचणीत आणते. हवा दिसत नसली तरी ती फुग्यात भरता येते आणि सायकलच्या ट्यूबमधून सोडताही येते. बाबांचा राग मात्र फुग्यात भरता येत नाही. मुलीला जे दिसते तो बाबांचा लाल झालेला चेहरा आणि जे ऐकू येते तो त्यांचा चढलेला आवाज. त्यावरून त्यांच्या मनाची जी अवस्था ती ओळखते, तिचे नाव राग.

या ठिकाणी आपल्या व्याकरणातील व्याख्या अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. मराठीत या नामांना भाववाचक किंवा धर्मवाचक नामे म्हणतात, आणि प्राणी किंवा वस्तू यांच्या ठिकाणी असलेला गुण, धर्म किंवा भाव ज्या नामाने कळतो ते भाववाचक नाम, असे आपण शाळेत शिकलो. ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ या शब्दाचे लॅटिन मूळही ‘ओढून बाजूला काढलेले’ असाच अर्थ सांगते. गूळ गोड, चिकू गोड, आजीचे बोलणे गोड. या सगळ्यांतून मनानेच बाजूला काढलेली गोष्ट म्हणजे गोडवा. बशीतला गूळ खाऊन संपवला आणि मागे गोडवा तेवढा बशीत ठेवला, असे कोणालाही करता येणार नाही. हा खेळ मुलीला प्रत्यक्ष गुळाचा खडा हातात देऊनच करायला लावावा. नऊ वर्षांच्या मुलाला तो समजतो आणि आवडतोही.

यापुढची पायरी म्हणून एक घरगुती कसोटी सुचवतो. सुट्टीच्या दिवशी मुलीला शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घेऊन जावे. तेथील दिवे, भांडी, अडकित्ते काचेच्या कपाटांत मांडलेले आहेत. अडकित्ता कपाटात ठेवता आला. मग तो घडवणाऱ्या कारागिराचे ‘स्किल’ कोणत्या कपाटात आहे, असे तिला विचारावे. ते कपाटात ठेवता येत नाही, फार तर कपाटाखालच्या पाटीवर त्याचे नाव लिहिता येते. हीच कसोटी घरी परतल्यावर एखाद्या परिचित प्रसंगाला लावावी. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि तेथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंवर लोक शेण आणि चिखल फेकत, म्हणून त्या जवळ दुसरे लुगडे बाळगत, ही हकीकत पुण्यातल्या बहुतेक मुलांनी ऐकलेली असते. या हकिकतीतल्या ‘सारी’, ‘मड’ आणि ‘स्कूल’ यांचे चित्र मुलगी चटकन काढील. त्यानंतर तिला ‘करेज’चे चित्र काढायला सांगावे. ती बहुधा पुन्हा सावित्रीबाईच काढील, आणि नेमके तेथेच थांबून, ‘हे तर करेज असलेल्या बाईंचे चित्र झाले, करेज कुठे आहे?’ असे विचारावे. उत्तर देण्याची घाई आपण करू नये. ‘पेशन्स’ आणि ‘हेट्रेड’ हे शब्द याच प्रसंगातून पुढे आपोआप निघतात, आणि चिखल फेकणाऱ्यांच्या बाजूलाही एक भाववाचक नाम आहे, हे लक्षात आल्यावर मुले थोडी गंभीर होतात, असा माझा अनुभव आहे.

राहिला ‘हॅपी’चा प्रश्न. वर्गात सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे आणि तिचे कारण मुलांपेक्षा आपल्या शिकवण्यात आहे. ‘भावना म्हणजे ॲब्स्ट्रॅक्ट नाउन’ असे आपण सांगून मोकळे होतो, आणि ‘नाउन’ या अर्ध्या भागाचा मुलांना विसर पडतो. ‘हॅपी’ भावना सांगते खरे, पण ते विशेषण आहे. येथे मराठीचा आधार निःसंकोच घ्यावा. गोड आणि गोडवा, गार आणि गारवा, शूर आणि शौर्य, प्रामाणिक आणि प्रामाणिकपणा या जोड्यांतला फरक मुलीच्या कानाला आधीच ठाऊक आहे. ‘मला तुझा गोड आवडला’ असे ती चुकूनही म्हणणार नाही. तोच कान इंग्रजीकडे वळवायचा आहे. ‘हर’ या शब्दापुढे ‘हॅपी’ ठेवून थांबले, तर ‘हॅपी काय?’ असा प्रश्न उरतो; तेथे ‘फेस’ किंवा ‘बर्थडे’ यावे लागते. ‘हर हॅपिनेस’ म्हटले, की काही उरत नाही. ‘ब्रेव्ह’ आणि ‘ब्रेव्हरी’, ‘काइंड’ आणि ‘काइंडनेस’, ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ या जोड्या अशाच पुढे-मागे ठेवून पाहाव्यात. माणूस–माणुसकी आणि लहान–लहानपण यांच्या शेजारी ‘फ्रेंड–फ्रेंडशिप’ आणि ‘फ्री–फ्रीडम’ मांडले, तर ही नामे विशेषणांपासून जशी तयार होतात तशी दुसऱ्या नामांपासूनही होतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवते. ‘नेस’, ‘टी’, ‘मेंट’, ‘शन’, ‘शिप’, ‘हूड’, ‘डम’ हे शेवट मी मुलांकडून पाठ करून घेतले. परिणामी त्यांनी ‘अपार्टमेंट’, ‘स्टेशन’, ‘सिटी’ आणि ‘विटनेस’ हे सगळे शब्द ॲब्स्ट्रॅक्ट नाउन म्हणून लिहून आणले. शेवट शिकवणेच चुकीचे आहे काय? – एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : चुकीचे नाही, मात्र आधी अर्थ पाहावा आणि शेवट त्यानंतर. ज्या मुलाचे घर अपार्टमेंटमध्ये आहे आणि ज्याने पुणे स्टेशनवर गाडीची वाट पाहिली आहे, त्याला तो शब्द ॲब्स्ट्रॅक्ट वाटला, याचा अर्थ त्याने शब्दाचा अर्थ पाहिलाच नाही, फक्त शेपूट पाहिले. अशा वेळी पुन्हा मराठीचेच उदाहरण द्यावे. गारवा आणि रवा, चपळाई आणि मिठाई यांचे शेवट सारखेच ऐकू येतात, पण रव्याला किंवा मिठाईला कोणी भाववाचक नाम म्हणत नाही. एवढे सांगितले, की वर्ग हसतो आणि पुढची चूक बरीच टळते. उलट बाजूही दाखवावी : ‘लव्ह’, ‘फिअर’, ‘होप’ या शब्दांना असे कोणतेच शेपूट नाही, तरी ती भाववाचक नामे आहेत. हेच तीन शब्द क्रियापद म्हणूनही येत असल्यामुळे ते सुटे न देता नेहमी वाक्यात द्यावेत.

‘म्युझिक’, ‘लाइट’, ‘इलेक्ट्रिसिटी’, ‘ड्रीम’ हे शब्द लहान मुलांच्या चाचणीत घालू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. यांच्या वर्गीकरणावर मोठ्यांचेही एकमत होत नाही, आणि जेथे शिक्षकाला उत्तरसूची पाहावी लागते तेथे आठ वर्षांच्या मुलाचा गुण कापणे अन्यायाचे आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. मराठी घरातली मुले ‘ॲन ॲडव्हाइस’ आणि ‘मेनी ॲडव्हायसेस’ असे लिहितात, कारण मराठीत एक सल्ला आणि अनेक सल्ले असे सरळ म्हणता येते. इंग्रजीत हे नाम मोजता येत नाही. ‘आयडिया’ मात्र भाववाचक असूनही मोजता येते. त्यामुळे ‘ॲब्स्ट्रॅक्ट नाउनचे अनेकवचन होत नाही’ असा सरसकट नियम फळ्यावर लिहू नये.

प्रश्न : नातू दुसरीत आहे. शाळेचा आग्रह असा, की इंग्रजी शिकवताना घरी मराठीचा आधार घेऊ नये. मी त्याला आतापासून ही नामे शिकवू का, आणि शिकवल्यास कोणत्या भाषेतून? – एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : ‘ॲब्स्ट्रॅक्ट नाउन’ हे नाव दुसरीत अजिबात शिकवू नये. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण सात ते अकरा या वयात मूल समोरच्या, हाताळता येणाऱ्या गोष्टींविषयी सुसंगत विचार करू लागते आणि निव्वळ कल्पनांवरचा विचार त्यानंतर येतो. वयाच्या या रेषा इतक्या ठळक नसतात, हे पुढील संशोधकांनी दाखवले असले, तरी नावे पाठ करून घेण्याची घाई करू नये, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही. अर्थात शब्दांची ओळख आजपासूनही करून देता येईल.

भाषेविषयी विचाराल, तर आपण मराठीतूनच बोलावे. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाचा प्रभाव होता. तेव्हा भाववाचक नामाकडून ॲब्स्ट्रॅक्ट नाउनकडे जाणाऱ्या मुलाला अगदी अनोळखी घरी पाठवल्यासारखे होणार नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर तो दमला, तर ‘दमलास, म्हणजे तुला थकवा आला, इंग्रजीत तू टायर्ड, आणि थकवा म्हणजे टायर्डनेस’ एवढेच म्हणावे आणि पाण्याची बाटली पुढे करावी. उतरताना त्याने स्वतःहून ‘आजोबा, भूक म्हणजे काय?’ असे विचारले, तर ‘हंगर’ सांगून टाकावे. भुकेचे चित्र काढायला त्या दिवशी सांगू नये.