कॉन्टेसाला कोणतं इंजिन बसवावं?

प्रश्न : घरात 1987 ची हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आहे. मूळचं 1.5 पेट्रोल इंजिन निळा धूर सोडतंय, कात्रजचा घाट दुसऱ्या गिअरवर चढावा लागतो. बॉडी ठणठणीत आहे. बजेट बेताचं आहे. एक मिस्त्री म्हणतो इनोव्हाचं पेट्रोल टाका, दुसरा म्हणतो स्कॉर्पिओचं डिझेल, तिसरा म्हणतो इसुझूच शोधा. कोणाचं ऐकावं? – एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : तिसऱ्याचं. कंपनीनंच पुढे कॉन्टेसा क्लासिकमध्ये 1817 सीसीचं इसुझू पेट्रोल आणि पाच गिअरचा बॉक्स दिला होता. तुमचं 1489 सीसीचं इंजिन जेमतेम 50 हॉर्सपॉवरचं, इसुझू 85 च्या आसपास. घाटात हा फरक लगेच जाणवतो. शिवाय माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे आधार), रेडिएटर, सायलेन्सरचा पुढचा पाइप, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) हे सगळं याच गाडीच्या मापाचं मिळतं. बेताच्या बजेटमध्ये इंजिनाच्या किमतीपेक्षा फॅब्रिकेशन आणि लेथचा खर्च माणसाला बुडवतो.

इनोव्हाचं दोन लिटर पेट्रोल उत्तम इंजिन आहे, कॉन्टेसासारखंच मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचं आहे. पण त्याच्यासोबत ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), संपूर्ण वायरिंग, इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) आणि त्याची मूळ चावी यायलाच हवी. एक गोष्ट राहिली तरी गाडी सुरू होत नाही. कार्बुरेटरच्या जुन्या पेट्रोल लाइनवर इंजेक्शन चालत नाही, त्याला साधारण 3 बार दाबाचा पंप आणि तो दाब सोसणारे पाइप लागतात. स्कॉर्पिओचं डिझेल जड आहे, पुढच्या स्प्रिंग बदलाव्या लागतील, आणि इंधन बदललं की परवानगीचा वेगळा व्याप. सिटी किंवा एस्टीमचं इंजिन कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. ती आडवी बसतात आणि पुढची चाकं फिरवतात; चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असतो. कॉन्टेसात इंजिन उभं आणि डिफरन्शियल मागे.

इसुझू घेताना नुसतं इंजिन उचलू नका. गिअरबॉक्स, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), क्लच, स्टार्टर, अल्टरनेटर, कार्बुरेटर, माउंटिंग, रेडिएटर आणि शाफ्टचा पुढचा योक (गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) असा पूर्ण संच एकाच गाडीतला घ्या. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांत किरकोळ पार्ट मिळतील; संच मात्र मोडीत निघालेल्या गाडीतूनच. हेच इंजिन काही अँबेसेडरमध्येही आहे, तिथलं घेतलंत तर संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि माउंटिंगची जागा आधी मोजून पाहा.

पैसे देण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि एकेका सिलिंडरला दाब मोजायचा गेज लावून स्टार्टरवर पाच-सहा फेरे फिरवा. चारही सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंग गेल्यात. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता आहे. विक्रेता समाधानकारक कारण दाखवू शकला नाही तर सोडून द्या.

बसवताना दोन ठिकाणी कामं बिघडतात. एक, शाफ्टचा कोन. गिअरबॉक्सचं आणि मागच्या डिफरन्शियलचं तोंड समांतर हवं, फरक एका अंशाच्या आत. नाहीतर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) लवकर जातात. स्लायडिंग योकमध्ये 20 ते 25 मिमी जागा मोकळी ठेवा. दुसरं, अर्थिंग. इंजिन रबरावर बसतं, त्यामुळे इंजिनापासून बॉडीपर्यंत जाड अर्थ पट्टी लागते. ती राहिली की स्टार्टरचा करंट थ्रॉटल केबलमधून वाट काढतो; केबल तापून आतून चिकटते आणि अ‍ॅक्सिलरेटर अडकतो. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, तेव्हा पेट्रोलचे सगळे रबरी पाइप याच वेळी नवे, इथेनॉल सोसणारे घाला.

आणि हे सगळं आरटीओच्या परवानगीनंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर जाऊ नका असंच सांगितलं. गाडीची नोंद पुण्यात असेल तर संगम पुलाजवळच्या कार्यालयात आधी लेखी विचारा. इंजिन नंबर लिहिलेलं बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिची कागदपत्रं जपा. नवा नंबर आरसीवर आणि विम्यावर चढला नाही तर अपघातानंतर दावा अडकतो.

प्रश्न : अमेरिकेत शेव्हर्लेचं 5.3 लिटरचं व्ही-8 जुन्या मसल कारमध्ये स्वस्तात बसवतात. कॉन्टेसात जमेल? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : तिथे ते स्वस्त आहे कारण पिकअप ट्रक मोडीत निघतात आणि प्रत्येक यार्डात ते इंजिन पडलेलं असतं. इथे आयात, गिअरबॉक्स, ईसीयू सगळं बाहेरून. त्याची ताकद पावणेतीनशे हॉर्सपॉवरच्या घरातली. कॉन्टेसाचा एक्सल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या हिशोबाने केलेला. पहिल्या जोरात हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) पिळला जाईल, आणि ब्रेकही सगळे नव्याने करावे लागतील. आरटीओत तर हा अर्ज पुढे सरकण्याची आशाच धरू नका.