'आद्याक्षर' नव्हे, आरंभशब्द

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन हिब्रू प्रार्थनापुस्तकांच्या काही पानांची चित्रं दाखवायची आहेत आणि त्याखालच्या इंग्रजी ओळी मराठीत करायच्या आहेत. 'इल्युमिनेटेड इनिशियल'ला 'प्रकाशित आद्याक्षर' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. दोन्ही शब्द दगा देतात.

'प्रकाशित'चं आधी उरकून टाकतो. मराठीत पुस्तक प्रकाशित होतं ते हार, श्रीफळ आणि लांबलेल्या भाषणांसकट. त्यामुळे 'प्रकाशित हस्तलिखित' वाचलं की माणूस प्रकाशकाचं नाव शोधू लागतो. मुळात अर्थ एवढाच की पानावर सोन्याचा वर्ख आणि रंग चढवलेत, पान उजळलंय. 'सोनेरी सजावटीचं' म्हणा, नाहीतर साधं 'रंगवलेलं'.

'आद्याक्षरा'चा घोळ जास्त गमतीचा आहे. एक तर मराठीत आद्याक्षरं म्हणजे नावाची, 'पु. ल.' किंवा 'व. पु.' म्हणतो ती. दुसरं म्हणजे, या पोथ्यांत बहुतेक ठिकाणी रंगवलंय ते अक्षर नाहीच, अख्खा शब्द आहे. लॅटिन पोथीत पहिलं अक्षर मोठं काढायची सोय होती, कारण त्या लिपीत लहान-मोठी अक्षरं वेगळी. हिब्रूत तसा भेद नाही. आपल्या देवनागरीतही नाही. मग लेखनिक पहिला शब्दच घ्यायचा, त्याला रंगीत चौकट द्यायचा आणि आत-बाहेर वेली, पशू, पक्षी, कधी राक्षसतोंडी प्राणी बसवायचा. एकच अक्षर रंगवल्याची उदाहरणं क्वचित सापडतात. (आपल्या मासिकांत कथेच्या सुरुवातीला एक भलंमोठं अक्षर येतं ना, ती इंग्रजी छपाईची उसनवारी. 'कि'ने वाक्य सुरू झालं की वेलांटीसकट ते कुठं बसवायचं, हे मांडणी करणाऱ्याला विचारा.)

शब्दाला एवढा मान का, याला भाषेतलंच कारण आहे असं मला वाटतं. यहुदी परंपरेत ग्रंथ आणि प्रार्थना सुरुवातीच्या शब्दांनीच ओळखतात. उत्पत्तीचा ग्रंथ म्हणजे 'बेरेशीत', प्रायश्चित्ताच्या रात्रीची प्रार्थना 'कोल निद्रे'. कोकणातल्या बेने इस्राएलांनी शतकानुशतकं जपलेली 'शेमा' हीही तशीच, पहिल्या शब्दाच्या नावाची. आपणही आरती 'सुखकर्ता' म्हणूनच मागतो. तेव्हा तो शब्द नुसती सुरुवात नाही, प्रार्थनेचं नावच आहे. म्हणून मी 'आरंभशब्द' म्हणेन. 'शीर्षशब्द' नको, तो कोशातल्या नोंदीसाठी रुळलाय.

अक्षरं मात्र नीट बघण्यासारखी असतात. हिब्रूच्या चौकोनी वळणात ओळीच्या वर मान काढणारं अक्षर एकच, लामेद. 'मेलेख', म्हणजे राजा, हा शब्द नववर्षाच्या प्रार्थनांमध्ये सारखा येतो. त्यात मधला लामेद वर उठतो आणि शेवटचा खाफ ओळीखाली पाय सोडतो. चित्रकाराला आयता खेळ.

आता जर्मनीतल्या वर्म्स शहराचा महझोर. महझोर म्हणजे फेरा. सणांच्या वर्षभराच्या चक्राचं प्रार्थनापुस्तक. रोजच्या प्रार्थनांचं ते सिद्दूर, आणि तो शब्द 'क्रम' या अर्थाच्या 'सेदेर'वरून आलाय. वर्म्सचा हा पहिला खंड 1272 सालचा, सिम्हा बेन येहुदा या लेखनिकाने काकासाठी लिहिलेला. वल्हांडण या यहुदी सणाच्या पहिल्या दिवशी दवासाठी प्रार्थना करतात, तिथला आरंभशब्द आहे 'बेदातो', 'त्याच्या अनुमतीने'. या शब्दाच्या पाच ठसठशीत अक्षरांच्या पोकळीत बारीक अक्षरांत एक यमक लिहिलंय: हा महझोर जो सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, वाहून नेईल, त्याला चांगला दिवस लाभो. 'बेटागे'ला 'ट्रागे'ची जोड. यिद्दिश, म्हणजे युरोपातल्या यहुद्यांची जर्मन धाटणीची भाषा. साल ठाऊक असलेलं तिचं आज सापडणारं हे सर्वांत जुनं वाक्य. जर्मन वळणाच्या वाक्यात 'महझोर' आणि 'बेत हाक्नेसेत' (सिनेगॉग) हे हिब्रू शब्द बिनदिक्कत येऊन बसलेत, तेही देवाला उद्देशून नाही, तर तो जाडजूड ग्रंथ उचलून नेणाऱ्यासाठी! 1938 साली वर्म्सचं सिनेगॉग जाळलं गेलं, पण ग्रंथ शहराच्या अभिलेखपालाने लपवून वाचवला. 1957 पासून तो जेरुसलेमला आहे.

शेवटचं, तुमच्या यादीतलं 'गेटवे पेज'. प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या प्रार्थनांना काही महझोरांत खांब-कमानीची चौकट असते. ती दयेची दारं, असं मानतात. मुंबईतल्या मांडवी भागातल्या 1796 सालच्या सिनेगॉगचं 'शआर हारहामीम' हे नावही 'दयेचं दार' असंच आहे. या पानाला 'प्रवेशद्वार पृष्ठ' म्हणून सरकारी पाटी लावू नका, 'महिरपीचं पान' म्हणा.

आणि वर्म्सच्या चित्राखाली मी एवढंच लिहीन: 'दवाच्या प्रार्थनेचा आरंभशब्द बेदातो. अक्षरांच्या पोटात यिद्दिश आशीर्वाद. वर्म्स, 1272.'