दोघांच्या लांब प्रवासासाठी मोटारसायकल कशी निवडावी?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पन्नाशीच्या आसपासचे आहोत. आजवर १५० सीसीच्या मोटारसायकलवर जवळच्या सहली केल्या. आता दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर याप्रमाणे आठ-दहा दिवसांचे प्रवास करावेत, असा विचार आहे. माझे वजन ८२ किलो आणि पत्नीचे ६६ किलो आहे. सामान दोन बाजूच्या पेट्यांत आणि मागच्या डिक्कीत मावेल एवढेच असेल. नवी गाडी घ्यायचे ठरले आहे, पण एक जण ४०० सीसी पुरे म्हणतो, तर दुसरा हजाराच्या खाली पाहूच नका म्हणतो. नेमकी किती सीसीची गाडी घ्यावी?

उत्तर : सीसीचा आकडा थोडा बाजूला ठेवू. दोघांच्या प्रवासात गाडी कमी पडते ती बहुतेक वेळा इंजिनाच्या ताकदीत नव्हे, तर वजन पेलण्याच्या क्षमतेत. आणि हा आकडा जाहिरातीत ठळकपणे कधीच छापलेला नसतो. तो आपणच काढावा लागतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत आणि बहुधा चौकटीवरच्या पट्टीवर गाडीचे कमाल अनुज्ञेय एकूण वजन दिलेले असते. त्यातून तेल-पेट्रोलसह तयार गाडीचे वजन वजा केले की उरते ते आपल्या वाट्याचे वजन.

समजा, एखाद्या गाडीचे कमाल वजन ४१० किलो आणि तयार गाडीचे वजन २१२ किलो आहे, म्हणजे आपल्याला १९८ किलो मिळतात. तुमच्या दोघांचे वजन १४८ किलो. हेल्मेट, जाकीट, बूट आणि हातमोजे यांचे प्रत्येकी सात किलो धरले, तर १६२ झाले. दोन बाजूच्या रिकाम्या पेट्या आणि त्यांची लोखंडी चौकट सहज १४ किलो भरते, रिकामी डिक्की पाच किलोची असते. बेरीज १८१ किलोवर गेली आणि अजून एक कपडाही आत ठेवलेला नाही. दहा दिवसांचे कपडे, पावसाळी पोशाख, हत्यारे, पंक्चरचे साहित्य आणि पिण्याचे पाणी या सर्वांसाठी १७ किलो उरले. सामान काटेकोरपणे निवडणाऱ्याला ते कसेबसे पुरतील. बहुतेकांना पुरत नाहीत. म्हणून तुमच्या बाबतीत २१० किलो किंवा त्याहून अधिक वजन पेलणारी गाडीच पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा हिशेब करताना एक खबरदारी घ्यावी. काही उत्पादक गाडीचे वजन पेट्रोलशिवाय, तर काही पेट्रोल, ऑइल आणि कूलंट यांशिवाय सांगतात. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरते. त्यामुळे १८ लिटरच्या टाकीत तेरा-साडेतेरा किलोचा फरक एकट्या पेट्रोलचाच पडतो. शिवाय मोठे इंजिन म्हणजे अधिक भारक्षमता, असेही समजू नये. हजार सीसीच्या कितीतरी स्पोर्ट गाड्या दोन माणसे आणि सामान पेलण्यासाठी बनवलेल्याच नसतात. त्यांची मागची सीट नावापुरती असते.

मर्यादा ओलांडली तर लगेच काही मोडत नाही, म्हणून ती ओलांडण्याचा मोह होतो. परंतु मागे बसणाऱ्याचे वजन जवळपास सगळे मागच्या चाकावर येते, आणि पेट्यांचेही बरेचसे तिकडेच जाते. डिक्की तर मागच्या आसाच्याही मागे असते, त्यामुळे ती पुढचे चाक उचलू पाहते. दोन चाकांतील अंतर दीड मीटर आणि डिक्कीचा मध्य आसामागे ३० सेंटिमीटर धरला, तर भरलेल्या १२ किलोच्या डिक्कीमुळे मागच्या चाकावर १२ नव्हे, १४.४ किलो येतात आणि पुढचे चाक २.४ किलोने हलके होते. आकडा लहान वाटतो. पण हे वजन उंचावर आणि वाऱ्याच्या माऱ्यात असते. वेग वाढला की हॅण्डल हलके लागणे आणि गाडी संथपणे डावी-उजवीकडे डोलू लागणे, या तक्रारींचे मूळ अनेकदा येथेच सापडते. म्हणून जड वस्तू बाजूच्या पेट्यांच्या तळाशी ठेवाव्यात, आणि डिक्कीत हलक्या व वरचेवर लागणाऱ्या वस्तूच ठेवाव्यात.

टायरच्या बाजूवर मापानंतर दोन अंकी भारांक लिहिलेला असतो, तोही वाचावा. ६६ म्हणजे ३०० किलो, ६९ म्हणजे ३२५ किलो आणि ७३ म्हणजे ३६५ किलो. टायर बदलताना स्वस्त मिळतो म्हणून पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी भारांकाचा टायर दोघांच्या प्रवासासाठी कधीही घेऊ नये. हवेचा दाबही पुस्तिकेत एकट्यासाठी वेगळा आणि दोघांसाठी वेगळा दिलेला असतो. अनेक मोठ्या गाड्यांत दोघांसाठी मागच्या टायरचा दाब ४२ पीएसआयच्या आसपास असतो, आणि तो टायर थंड असतानाच तपासायचा असतो.

यानंतर मागचा शॉकअप. गाडी पसंत करताना दोघे बसून पाहावे, तशी एक मोजणीही करावी. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी करावे आणि चाकाच्या आसापासून वर शेपटीवरच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग दोघे पूर्ण पोशाखात बसल्यावर तिसऱ्या माणसाकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्यावे. फरक चाकाच्या एकूण चालीच्या, म्हणजे चाक वर-खाली जितके हलू शकते त्या अंतराच्या, एक-तृतीयांशाच्या आसपास असेल, तर ठीक. निम्म्याजवळ जात असेल, तर खड्ड्यात शॉकअप तळाला आदळणार, हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांवर जाणार आणि वळणावर गाडी हवी तशी वळणार नाही. स्प्रिंगचा ताण वाढवण्याची सोय जवळपास सर्वच गाड्यांत असते. पण काहींत त्यासाठी पाना घेऊन गाडीशेजारी बसावे लागते, तर काहींत हाताने फिरवण्याची मूठ असते. ही मूठ चैनीची वाटते, परंतु आज एकटे आणि उद्या दोघे असे चालवणाऱ्यासाठी मी तिला रंगीत पडद्याच्या मीटरपेक्षा कितीतरी वरचे स्थान देईन. हा ताण वाढवल्याने गाडीची मागची बाजू वर येते, स्प्रिंग मात्र कडक होत नाही. ताण पूर्ण वाढवूनही गाडी बसतच असेल, तर उपाय जाड स्प्रिंग हाच.

आता इंजिन. एकटा स्वार धरून गाडी ३०० किलोची असेल आणि दोघे व सामान मिळून ४१० किलो झाले, तर त्याच इंजिनाची वेग घेण्याची ताकद सुमारे पावपटीने घटते. ते जाणवते मालमोटार ओलांडताना आणि चढावर. म्हणून कमाल अश्वशक्तीपेक्षा इंजिन मधल्या वेगाने फिरत असताना मिळणारा जोर पाहावा. वरच्या गिअरमध्ये, गिअर न पाडता गाडी कशी उठते, ते दोघे बसून अनुभवावे. तुम्ही सांगितलेल्या अंतरांसाठी ६०० ते ९०० सीसीची दोन किंवा तीन सिलिंडरची गाडी पुरेशी आहे. सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० ही ६४५ सीसीची व्ही-ट्विन, म्हणजे ‘व्ही’ आकारात मांडलेल्या दोन सिलिंडरची गाडी वर्षानुवर्षे दोघांच्या प्रवासासाठी वापरली गेली, ती याच गुणामुळे. ४०० सीसीच्या गाडीवरही असे प्रवास होतात, पण वेगाची घाई सोडावी लागते, आणि तिची भारक्षमता वर सांगितल्याप्रमाणे आधी तपासावी लागते.

हजार सीसीच्या पुढे गेल्यावर आराम निश्चित वाढतो, मात्र गाडीचे वजनही वाढते आणि ते चालताना नव्हे, थांबताना छळते. भरलेली गाडी, मागे माणूस, रस्त्याला उतार आणि पायाखाली खडी, अशा ठिकाणी दोन्ही तळवे टेकत नसतील, तर तीनशे किलोचा तोल एका पायावर सावरता येत नाही. होंडा गोल्डविंगसारख्या १८३३ सीसी, सहा सिलिंडरच्या गाडीला मागे सरकण्यासाठी वेगळी सोय द्यावी लागते, यातच सगळे आले. या गाडीबद्दल जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९७४ साली ती ९९९ सीसीची, चार सिलिंडरची म्हणून आली, तेव्हा तिला ना वाराढाल (वारा अडवणारे पुढचे आवरण) होती ना पेट्या. हौशी लोक त्या बाहेरून बसवून घेत. कंपनीने स्वतः वाराढाल आणि पेट्यांसह गाडी दिली ती १९८० साली. तेव्हा उघडी गाडी घेऊन तिला हळूहळू प्रवासायोग्य करणे यात कमीपणा मुळीच नाही. फक्त मूळ गाडीची भारक्षमता भक्कम हवी.

इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोचवायला चेन हवी की शाफ्ट (फिरता दांडा), हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे. शाफ्टला रोजची निगा लागत नाही, पण तो जड आणि महाग असतो. चेन हलकी असते, मात्र दोघांच्या भाराने ती लवकर ताणते, म्हणून प्रवासात दर काही दिवसांनी तिला वंगण घालून तिचा ढिलेपणा तपासण्याची तयारी हवी.

प्रश्न : माझे पती गाडी चालवतात आणि मी मागे बसते. तासाभरात माकडहाड व गुडघे दुखू लागतात आणि प्रत्येक ब्रेकला माझे हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर आदळते. ते म्हणतात, मोठी गाडी घेतली की सगळे ठीक होईल. खरेच होईल का?

उत्तर : मोठ्या गाडीने होईलच असे नाही, योग्य मागच्या सीटने होईल. गाडी निवडताना चालवणारा पाच मिनिटे फेरी मारून येतो आणि मागे बसणारी व्यक्ती दुकानात उभी राहते, येथेच चूक होते. पसंतीचा शेवटचा शब्द तुमचा असावा आणि तो किमान अर्धा तास मागे बसून झाल्यावरच द्यावा, कारण पहिल्या दहा मिनिटांत मऊ सीट नेहमीच चांगली वाटते. फार मऊ फोम लवकर दबतो आणि मग हाडे थेट तळाच्या पत्र्यावर टेकतात. थोडा घट्ट, पण रुंद फोम लांब पल्ल्याला अधिक मानवतो.

बसल्यावर तीन गोष्टींकडे लक्ष द्या. सीटला पुढे उतार असेल, तर ब्रेक लागताच तुम्ही घसरून पतीच्या पाठीवर जाल. हेल्मेट आदळण्याचे हे नेहमीचे कारण आहे. पाय ठेवण्याच्या खुंट्या सीटच्या फार जवळ असतील, तर गुडघे काटकोनापेक्षाही अधिक दुमडतात आणि तुमची दुसरी तक्रार तेथून सुरू होते. तिसरी गोष्ट वाऱ्याची : तुमचे डोके पतीच्या डोक्यापेक्षा उंच असते, त्यामुळे त्यांना आराम देणारी काच तोच वारा खवळून तुमच्या हेल्मेटवर सोडू शकते. त्यांना हा त्रास समोर बसून कळणार नाही, तो तुम्हीच सांगायला हवा.

यातले बरेचसे आहे त्या गाडीवरही सुधारता येते. सीटचा पुढचा उतार काढून फोम बदलून घेता येतो, काही गाड्यांसाठी खुंट्या तीन-चार सेंटिमीटर खाली आणणारे जोड मिळतात, आणि पाठीला टेकू देणारी डिक्की असेल, तर वेग घेताना मागे ओढले जाण्याची भीती जाते. ब्रेकच्या वेळी दोन्ही हातांनी पतीच्या कमरेला धरून भार देण्यापेक्षा एक हात बाजूच्या दांडीवर किंवा शक्य असल्यास टाकीवर टेकवावा. उरलेला भाग पतींचा आहे : गिअर बदलताना हिसका बसू न देणे आणि ब्रेक हळूहळू आवळणे हे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. हेल्मेटमध्ये बोलण्याचे यंत्र बसवले, तर पुढे खड्डा किंवा ब्रेक आहे हे ते आधी सांगू शकतील. आणि टाकी तीनशे किलोमीटर पुरते म्हणून तितके सलग बसू नये. दीड तासाच्या आत उतरून चालावे.

चढण्या-उतरण्याचा क्रमही ठरवून घ्या. चालवणाऱ्याने दोन्ही पाय टेकून, पुढचा ब्रेक दाबून आणि बाजूचा स्टँड उचलून ‘चढ’ म्हणेपर्यंत खुंटीवर पाय ठेवू नये. बाजूच्या स्टँडवर उभ्या गाडीवर दोघांनी बसल्यास सगळा भार त्या एका खिळीवर जातो.

प्रश्न : दोघांच्या प्रवासासाठी आठ-दहा वर्षे जुनी मोठी गाडी घेण्याचा विचार आहे. काय पाहावे?

उत्तर : टायरपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूवरील लंबगोलातील चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसत असली, तरी इतका जुना टायर दोघांच्या भाराखाली वापरू नये. त्याची किंमत व्यवहारात वजा करून मागावी. मागच्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओलावा, पेट्यांच्या चौकटीच्या वेल्डिंगशी बारीक तडे आणि सीटखालच्या चौकटीवर ताजा रंग दिसला, तर गाडी तिच्या क्षमतेबाहेर लादली गेली असण्याची शक्यता आहे. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेलीच गाडी घ्यावी. मोटारसायकलवर हे तंत्र १९८८ साली बीएमडब्ल्यूच्या के १०० मालिकेत आले, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या मोठ्या गाड्यांत ते सहज मिळते. किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर बल्ब काढला आहे का, हे विक्रेत्याला विचारावे.