आधी बैठक, मग टीव्ही

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रारी वेगळ्या असल्या तरी मूळ एकच आहे. टीव्ही आधी भिंतीवर चढतो आणि सोफा उरलेल्या जागेत कोंबला जातो. माणूस बसणार कुठे हे पक्कं झालं की बाकीचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

प्रश्न: हॉल 12 बाय 16 फुटांचा आहे. 55 इंची टीव्ही 12 फुटी भिंतीवर, समोरच्या भिंतीत मोठी खिडकी आणि खिडकीखाली भिंतीला चिकटून सोफा. दिवसा पडद्यावर चित्रापेक्षा खिडकीच जास्त दिसते. दार एका 16 फुटी भिंतीच्या टोकाला, खिडकीपासून लांब आहे. मांडणी कशी बदलावी?

उत्तर: जाड पडदे लावून दिवसभर अंधारात बसण्यापेक्षा टीव्हीची भिंत बदला. दार नसलेल्या 16 फुटी भिंतीवर टीव्ही घेतला की खिडकी बाजूला जाते आणि प्रतिबिंबाचा प्रश्न जवळपास मिटतो.

आता अंतर. 55 इंची पडद्यासाठी डोळ्यांपासून साधारण सव्वासात ते आठ फूट अंतर बरं. त्याहून लांब गेलात तर 4के चित्रातले बारकावे दिसेनासे होतात. खोलीची रुंदी 12 फूट. टीव्ही भिंतीपासून 4 इंच पुढे येतो आणि सोफ्यावर टेकून बसल्यावर डोळे सोफ्याच्या पाठीपासून सुमारे 2 फूट पुढे असतात. म्हणजे सोफा भिंतीला लावला तर अंतर साडेनऊ फुटांच्या वर जातं. तो दीड फूट पुढे ओढा, अंतर आठ फुटांवर येतं. मागच्या दीड फुटात अरुंद शेल्फ किंवा उभा दिवा मावतो.

जागा वाया गेली असं वाटेल, पण ती आवाजाच्या कामी येते. 12 फूट अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे 47 हर्ट्झचा, म्हणजे खोल बासचा सूर घुमतो आणि तो सर्वांत जोरात ऐकू येतो तो भिंतीलगतच. सोफा चिकटलेला असेल तर प्रत्येक स्फोटाला ‘घुंम’ होतं आणि लोक उगाच सबवूफरला (बासच्या वेगळ्या स्पीकरला) दोष देतात. बरोबर खोलीच्या मध्यावरही बसू नका, तिथे तोच सूर गायब होतो.

सोफा 7 फुटी असेल तर तो खिडकीच्या बाजूला सरकवून दाराकडे किमान 3 फुटांची वाट मोकळी ठेवा. टीव्हीचा मध्य आणि सोफ्याचा मध्य एका रेषेत हवा. भिंतीचा मध्य कुठे येतो ते विसरा. सोफा आणि टीपॉय यांत 16 ते 18 इंच पुरतात. एवढं सगळं हलवण्याआधी वर्तमानपत्रं चिकटवून सोफा, टीपॉय, टीव्ही युनिटच्या मापाचे कागद जमिनीवर अंथरा आणि दोन दिवस त्यांच्या कडेकडेने वावरा. कपाटाचं दार कशाला अडतं ते तेव्हाच कळतं. नव्या भिंतीवर सॉकेट किती आहेत तेही मोजा. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, साउंडबार, सबवूफर आणि राउटर म्हणजे पाच झाले. गालिच्याखालून एक्स्टेंशनची वायर नेऊ नका. ती चिरडते, तापते, आणि तापलेली कुणाला दिसत नाही.

प्रश्न: टीव्ही उंच लावल्याने मान दुखते. खाली घ्यायचा आहे, पण नवी भिंत ठोकली की पोकळ वाजते.

उत्तर: बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण 40 ते 42 इंचांवर असतात, पडद्याचा मध्य तिथे हवा. 55 इंची टीव्हीची उंची सुमारे 27 इंच, म्हणजे खालची कड 28 इंचांच्या आसपास येते. हे फार खाली वाटतं, कारण आपण उभं राहून माप घेतो. ब्रॅकेटची भोकं टीव्हीच्या पाठीवर बरोबर मध्यावर असतीलच असं नाही, तेही मोजून मगच भिंतीवर खुणा करा आणि पाणसळ लावून पाहा.

पोकळ वाजणारी भिंत जिप्समची पार्टिशन असेल तर साधी प्लास्टिकची गिट्टी चालणार नाही. ती आधी नुसती फिरते आणि मग एखाद्या रात्री भोकासकट बाहेर येते. आतल्या उभ्या पट्ट्या शोधा, त्या दोन-तीन पट्ट्यांवर 18 मिमीचा प्लायवूड घट्ट बसवा आणि ब्रॅकेट त्या प्लायवर लावा. विटेच्या भिंतीत गिट्टीवर छापलेल्या मापाचाच बिट वापरा आणि भोकातली धूळ फुंकून काढा; धूळ राहिली की गिट्टी पूर्ण आत जात नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल घालू नका, वायरिंग बहुधा तिथूनच गेलेलं असतं.

प्रश्न: फर्निचर हलवल्यानंतर 5.1 सेट (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) परत जोडला. आता बास पातळ झाला आहे आणि संवाद कुठून येतात तेच कळत नाही. स्पीकर बिघडले का?

उत्तर: बहुधा नाही. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या आहेत. डाव्या स्पीकरचा कोन (आवाज काढणारा हलता पडदा) बाहेर येतो तेव्हा उजव्याचा आत जातो, दोघे एकमेकांचा बास खोडतात आणि मधोमध ऐकू यायला हवा तो आवाज खोलीभर विरघळतो.

तपासायला पाच मिनिटं लागतात. ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या बाजूने स्पीकरच्या दोन्ही तारा सोडवा. स्पीकरची जाळी काढा. 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या; ॲम्प्लिफायरच्या लाल टर्मिनलला जाणारी तार सेलच्या अधिक टोकाला, दुसरी उणे टोकाला, क्षणभरच टेकवा. ‘टक्’ आवाज होईल आणि मोठा कोन किंचित बाहेर यायला हवा. आत गेला तर तारा उलट आहेत. हे सगळ्या स्पीकरना करा आणि बरोबर तारेला टेपची खूण करून ठेवा, पुढच्या वेळी डोकं खाजवावं लागणार नाही. उघड्या तारेचा एकही केस शेजारच्या टर्मिनलला लागू देऊ नका, नाहीतर ॲम्प्लिफायर स्वतःला बंद करून घेतो. घरगुती अंतरांसाठी 1.5 चौरस मिमीची साधी तांब्याची वायर पुरते. महागड्या ‘खास’ वायरीने इथे काही सुधारत नाही.

त्यानंतर रिसीव्हरमध्ये, म्हणजे त्याच ॲम्प्लिफायरच्या डब्यात, भरलेली स्पीकरची जुनी अंतरं पुसा. आवाजाला एक फूट यायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, त्यामुळे जागा बदलली की वेळेचं गणितही बदलतं. माइक लावून ऑटो कॅलिब्रेशन पुन्हा चालवा, म्हणजे रिसीव्हर अंतरं स्वतःच मोजून घेतो. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, स्टँडवर कानाच्या उंचीला धरा. मागचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या बाजूला, थोडे मागे आणि कानापेक्षा जरा वर येऊ द्या. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती मर्यादा) 80 हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा.

सबवूफरची जागा ठरवायची युक्ती हास्यास्पद दिसते, पण लागू पडते. सबवूफर सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासचं एखादं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. बास जिथे एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा.

प्रश्न: साउंडबार एचडीएमआयने जोडला, तरी आवाज टीव्हीतूनच येतो.

उत्तर: टीव्हीच्या ज्या पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलं आहे त्यातच केबल हवी, टीव्हीचा आवाज त्यातूनच बाहेर जातो, साउंडबारकडेही तोच पोर्ट. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी सुरू करा (जोडलेली उपकरणं त्याने एकमेकांना हुकूम देतात; प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते) आणि ऑडिओ आउटपुट बाहेरच्या स्पीकरवर न्या. तरीही गप्प असेल तर दोघांचे प्लग काढून पाच मिनिटं थांबा, आधी टीव्ही लावा, मग साउंडबार. ब्लूटूथने जोडण्याचा मोह टाळा. ओठ हलल्यावर शब्द येतात.

प्रश्न: लोखंडी कपाट फरशीवर ओरखडे न पाडता कसं सरकवावं?

उत्तर: आधी पूर्ण रिकामं करा, दारांना कुलूप घाला. एकाने एक बाजू दोन बोटं उचलायची, दुसऱ्याने पायांखाली जुनी गोधडी सारायची, मग दुसऱ्या बाजूला तेच. ढकलताना हात कपाटाच्या खालच्या निम्म्या भागावर ठेवा. वरून ढकललं की ते सरकत नाही, कलंडतं.