भिजलेला उन्हाळ कांदा

प्रश्न : २०२५ मध्ये मुंबईत मोसमी पाऊस २६ मेलाच पोहोचला होता. आमच्याकडे यंदाही मे गार आणि ओलाच गेला. काढलेला उन्हाळ कांदा भिजलाय. चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) भरू का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : ओला कांदा चाळीत मुळीच भरू नका. शेडमध्ये पातळ पसरा, वारा खेळू द्या. ताडपत्री बांबूंवर उंच बांधा. ती कांद्याला टेकली की आत घाम धरतो आणि सड तिथूनच लागते.

पात हिरवी असताना कापू नका. सुकली की एक ते दीड इंच नाळ (कांद्यावरचा पातीचा देठ) ठेवून कापा; बुडाशी कापलं तर उघड्या जखमेतून बुरशी थेट आत शिरते. मग सावलीत १० ते १२ दिवस. मान चिमटीत दाबून पाहा : मऊ, ओलसर लागली तर थांबा. ती घट्ट मिटली आणि वरचा पापुद्रा कुरकुरला, तरच भरा. जोडकांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे), जाड मानेचे कांदे टिकत नाहीत, ते आधी विका.

थर चार फुटांपर्यंतच ठेवा. चाळीच्या तळाखाली दीड-दोन फूट मोकळी जागा हवीच. पावसात वाऱ्याकडची बाजू झाका, उघडीप मिळताच पडदे वर करा.